दोष नसलेलं पॅनेल

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात फोरमनचा एक खास छंद होता. इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची पदविका घेऊन कुणी नोकरी मागायला आलं, की तो त्याला मोटार चालू-बंद करायच्या पॅनेलपुढे उभं करायचा. हातात मीटर द्यायचा आणि सांगायचा, "मोटार सुरू होत नाही. सप्लाय द्यायचा नाही, नुसत्या मीटरवर दोष शोध." पॅनेलमध्ये दोष नसायचाच. पण प्रश्न विचारलाय म्हणजे उत्तर असणारच, अशी कॉलेजात सवय लागलेली ती पोरं घाम पुसत काहीतरी शोधून काढायचीच. कुणी रिले जळला म्हणायचं, कुणी कॉन्टॅक्टर बदलायला सांगायचं. एकाने तर धडधाकट मोटारीवरच खापर फोडलं. फोरमन सगळं ऐकून घ्यायचा आणि मग मॅनेजरबाईंकडे बघून मिशीत हसायचा.

घरी जेवताना हीच कथा तिखटमीठ लावून. "दोन वर्षांत पोर धड बोलायला लागत नाही, आणि हे म्हणे टेक्नॉलॉजीवाले! ना धड वायरमन, ना धड साहेब." स्वतः तो कॉलेजची पायरी चढला नव्हता, आणि हे इतक्या वेळा सांगायचा की ती त्याने रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलेली पदवी वाटावी.

पंचाईत अशी, की सुनेनेच ती पदविका घेतली. मुलाचा पाठिंबा, बायकोचीही फूस. आपल्याच घरात आपलं कुणी ऐकत नाही म्हणून फोरमनचा नुसता जळफळाट व्हायचा. "काय शिकवलं गं दोन वर्षांत? बल्ब कसा लावायचा ते?" तो विचारायचा. "तेही शिकवलं, बाबा," म्हणून ती ताटं उचलायची. बिचारी गरीब गाय आहे, असं त्याला वाटायचं. शांत माणूस आणि भित्रं माणूस यांतला फरक असल्या लोकांना कधी कळत नाही.

कारखान्यात मेंटेनन्सची जागा निघाली आणि सुनेने अर्ज केला. फोरमनने घरात सगळ्यांसमोर वदवून घेतलं: टेस्टमध्ये नापास झाली तर नोकरीचा विषय पुन्हा काढायचा नाही. तिने मान डोलावली. तिला ती नोकरी मनापासून हवी होती. पहाटे उठून, घरचं सगळं उरकून तिने कॉलेज गाठलं होतं, ते काही भिंतीवर कागद टांगण्यासाठी नव्हे.

टेस्टच्या आदल्या दिवशी जेवताना सासरा अचानक प्रेमळ झाला. "सूनबाई, तुला तर गुपित ठाऊकच आहे. उगाच शोधत बसू नकोस. दोष नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. घरचीच आहेस." सासूबाईंना भरून आलं. मुलाने समाधानाने पाण्याचा पेला रिकामा केला. सूनबाई म्हणाली, "बरं, बाबा."

आणि दुसऱ्या दिवशी, तिची पाळी यायच्या जरा आधी, या प्रेमळ माणसाने पॅनेलवरच्या, मोटार बंद करायच्या लाल बटणाच्या स्क्रूखालची वायर काढली, तिचं उघडं टोक कापून टाकलं आणि वरचं प्लास्टिक न सोलता ती तशीच परत आवळून बसवली. बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी, पण वीज जायला वाटच नाही. यात काही चुकतंय असं त्याला वाटलं नाही. पेपर फुटलाय, मग बदलायला नको का, असा त्याचा न्याय. पेपर फोडणारा कोण, हे तो सोयीस्करपणे विसरला. मॅनेजरबाईंनाही तो काही बोलला नाही.

सूनबाई आली. फोरमनने स्क्रूड्रायव्हर हातात तयारच ठेवला होता. आता ही दोष नाही म्हणेल, मग आपण तो स्क्रू उघडून बाईंना दाखवायचा, आणि दोन वर्षांचा सोक्षमोक्ष एकदाचा लागेल.

तिने मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून आधी मीटरच तपासला. मग एका बाजूने सुरुवात करून एकेक जोड घेत गेली. प्रत्येक जोडाला मीटर वाजत होता, म्हणजे विजेची वाट सलग होती.

"किती वेळ?" फोरमन करवादला.

"झालंच, बाबा."

लाल बटणापाशी मीटर गप्प राहिला. तिने फोरमनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, वायर सोडवली आणि बाईंपुढे धरली. "ही सोललेलीच नाही."

मॅनेजरबाई फोरमनकडे वळल्या. "अहो, यात तर कधीच दोष नसतो ना? सकाळच्या मुलांच्या वेळीही नव्हता." फोरमन छताचे पत्रे बघू लागला.

"तुला माहीत होतं का हे?" बाईंनी तिला विचारलं.

"दोष नसतो, एवढं माहीत होतं. काल बाबांनीच सांगितलं, शोधू नकोस म्हणून."

"मग तपासलंस कशाला?"

"पॅनेलची खात्री होती," सूनबाई म्हणाली. "बाबांची नव्हती."

बाईंनी तिथल्या तिथे अर्जावर सही केली. मग पेन बंद करता करता थांबल्या. "यांच्या हाताखाली काम करावं लागेल. जमेल?"

"जमेल की," ती वायर सोलत म्हणाली. "यांनी हात लावलेलं सगळं मी एकदा तपासून घेत जाईन."

आवाजात राग नव्हता. राग असता तर फोरमनने तो घरी जाऊन बघून घेतला असता. पण इतकी वर्षं त्याने ज्या नजरेने त्या पोरांकडे बघितलं होतं, त्याच नजरेने सून त्याच्याकडे बघत होती, आणि आता रोज तिच्याच समोर जेवायला बसायचं होतं.