तिसरं नाव

माझ्या बायकोचं, हर्षिताचं, नाव ॲरिझोनाच्या स्टेट सिनेटसाठी सुचवलं गेलं तेव्हा आमच्या ओळखीत आनंद न झालेला माणूस एकच होता, आणि तो मी.

त्याला कारण आहे. इथल्या चँडलर शहरात, कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या एका कारखान्यात मी संशय घेण्याचाच पगार घेतो. सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे वेफर्स, खराब निघाल्या की प्रत्येक मशीन साळसूदपणे सांगतं, माझ्याकडे सगळं ठीक आहे. त्यातलं खोटं कोण बोलतंय हे शोधणं माझं काम. ही सवय घरी आल्यावर सुटत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती सोडायचीही नाही.

आमच्या भागाचे सिनेटर होते अर्ल ग्रेडी, वय चौऱ्याऐंशी. नोव्हेंबरच्या निवडणुकीला पुन्हा उभे राहिले. हर्षिता पक्षाची प्रिसिंक्ट कमिटीवुमन, म्हणजे आमच्या चार गल्ल्यांपुरती पक्षाची कार्यकर्ती. हॉस्पिटलातली फार्मसिस्टची ड्यूटी संपवून ती ऑक्टोबरच्या उन्हात ग्रेडींसाठी दारोदार फिरली. आमच्या मित्रमंडळींत यावरून वाद पेटायचे. प्रसादच्या घरी, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला तर जेवण बाजूलाच राहिलं.

"यार, ऐंशीच्या माणसाला आपण गाडीची किल्ली देताना दहादा विचार करतो," प्रसाद म्हणाला, "आणि स्टेटचं बजेट देतो? एज लिमिट पाहिजे म्हणजे पाहिजे."

"वय बघून रिजेक्ट करायचं? मग उद्या आडनाव बघूनही करशील," हर्षिता म्हणाली. "त्यांनी काय काम केलंय ते बघ ना."

ते काम मी बघितलं होतं. ग्रेडींच्या सभेत कोणीतरी पाण्याचा प्रश्न विचारला. ग्रेडी हसले आणि त्यांनी मागे वळून बघितलं. मागे त्यांचा सहायक कॉलिन्स उभा होता. "सिनेटरसाहेबांचं म्हणणं असं आहे की," असं म्हणून त्याने झकास उत्तर दिलं. पुढच्या प्रश्नालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. आपलं म्हणणं काय आहे ते ग्रेडी आमच्याइतक्याच उत्सुकतेने ऐकत होते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

ग्रेडी निवडून आले. जानेवारीत अधिवेशन सुरू झालं आणि प्रकृतीच्या कारणावरून त्यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरात प्रकृती कुठे गेली होती, असं लोकांनी विचारलं. वर्तमानपत्रांत थोडे दिवस भांडण झालं आणि विझलं. इथे अशा वेळी पोटनिवडणूक होत नाही. त्या भागातले पक्षाचे कमिटीवाले तीन नावं निवडतात आणि काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, बोर्ड त्यातल्या एकाला नेमतं. ग्रेडींना हजारोंनी निवडून दिलं, त्यांच्या खुर्चीत माणूस बसवणार बोर्डाचे पाच जण.

कॉलिन्स स्वतः आमच्या घरी आला. न सांगता दाराशी बूट काढले, चहा मागून घेतला आणि म्हणाला, "हर्षिता, दोन नावं ठरल्यासारखी आहेत. तिसरं तुझं असावं असं आम्हाला वाटतं." हर्षिताच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. ऋता, आमची मुलगी, जिन्यावरूनच ओरडली, "मॉम, यू हॅव टू डू इट!" मी मात्र त्या बुटांकडे बघत होतो. भारतीय घरांत वावरायची या माणसाला फारच सराईत सवय होती.

तो गेल्यावर मी विचारलं, "पहिली दोन नावं कोणाची?"

एक टॉड मर्सर. घरं विकतो, चौकाचौकात त्याच्या हसऱ्या चेहऱ्याच्या पाट्या. दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका, ज्या भेटेल त्याला सांगत होत्या की मला ही जागा नको आहे.

मला लगेच उलगडलं. नागपूरला आमच्या कॉलेजात लॅबसाठी साधं टेबल घ्यायचं तरी तीन कोटेशनं लागायची. कोणाकडून घ्यायचं ते आधीच ठरलेलं. तोच दुकानदार भावाच्या आणि मेव्हण्याच्या लेटरहेडवर आणखी दोन आणून द्यायचा. फाइल पूर्ण, सगळं नियमात.

"मर्सर हे खरं कोटेशन आहे," मी म्हणालो. "तू आणि त्या बाई फाइल पूर्ण करायला. फोटोत एक इंडियन बाई दिसली की झालं त्यांचं काम."

हर्षिता कप विसळत होती. तिने नळ बंद केला.

"म्हणजे माझं नाव कोणी खरंच सुचवेल, हे तुला पटतच नाही."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. कॉलेजात माझी ॲडमिशन झाली तेव्हा पोरं म्हणायची, हिला कोट्यातून घेतलंय, हिचं स्वतःचं काय आहे? तूही तेच ऐकलंस ना, दीप? ते लोक म्हणाले तर म्हणाले. तू तरी नको म्हणू."

मला भयंकर लागलं. कारण मीही तेच ऐकत शिकलो होतो, आणि आज माझ्याच स्वयंपाकघरात तेच वाक्य मी दुसऱ्या शब्दांत बोललो होतो. मी माफी मागितली. पण संशय काही गेला नाही. तो फक्त गप्प बसला.

कमिटीवाल्यांनी तीच तीन नावं निवडली. बोर्डाची बैठक फिनिक्सला होती. तिघांना बोलायला वेळ दिला. शिक्षिकाबाई आभार मानून बसल्या. मर्सर जोरात बोलला, टेबलावर हात आपटून बोलला. मग हर्षिता उठली. विहिरी कोरड्या पडतायत आणि नव्या वसाहतींना परवानग्या मिळतायत, हे ती कागद न बघता बोलली. शेवटी म्हणाली, "सिनेटर ग्रेडींना सन्मानाने घरी पाठवायला आपण उशीर केला. हा दोष त्यांच्या वयाचा नाही, आपला आहे."

मतदान झालं. बोर्डाने हर्षिताला नेमलं.

मी रडलो, सगळ्यांसमोर. अख्ख्या जगावर संशय घेता घेता मी बायकोला ओळखलंच नव्हतं, असं वाटून स्वतःची लाज वाटली. मर्सर कोणाशी हात न मिळवता तरातरा निघून गेला.

बाहेर व्हरांड्यात कॉलिन्स भेटला. "अभिनंदन, सिनेटर. भाषण फारच छान झालं. ऑफिसची अजिबात काळजी करू नका. स्टाफ तोच आहे, मी आहेच."

"तू स्वतः का नाही उभा राहिलास?" मी सहज विचारलं.

"मी स्कॉट्सडेलला राहतो, या मतदारसंघात नाही," तो हसला. "शिवाय मला पुढे उभं राहायला आवडत नाही." मग हर्षिताकडे वळून म्हणाला, "उद्या शपथ झाली की लगेच पाण्याचं बिल आहे. नव्या वसाहतींच्या बोअरवेलचं. तुमचं मत 'हो' आहे असं मी कळवून ठेवलंय."

"मी ते बिल अजून वाचलंही नाही," हर्षिता म्हणाली.

"मोठं आहे. ते मी बघतो."

"मी वाचून ठरवीन."

कॉलिन्सच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मायाच होती. "ग्रेडीही पहिल्या वर्षी असंच म्हणायचे," तो म्हणाला आणि आमच्यासाठी दार उघडून उभा राहिला.

तीन कोटेशनं मी बरोबर ओळखली होती. त्यातलं खरं कोणतं, तिथे चुकलो. मर्सरकडे पैसा होता आणि स्वतःची मतं होती, म्हणून मर्सर कॉलिन्सच्या मंडळींना नको होता. त्यांना हवं होतं दारोदार फिरणारं, कृतज्ञ राहणारं, नवखं माणूस. हर्षिता हरावी म्हणून नाही, जिंकावी म्हणूनच त्यांनी तिला उभं केलं होतं.

गाडीत तिने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "उद्याच्या उद्या मी त्याला काढू शकते. पण मग ऑफिसमध्ये कोणाला काय विचारायचं, तेही मला माहीत नाही. सगळं त्यालाच माहितेय. ग्रेडींचंही असंच झालं असेल. आधी एक आठवडा, मग एक वर्ष."

"तू ग्रेडी नाहीस," मी म्हणालो.

"तेही त्यांच्या बायकोने म्हटलं असेल. दीप, एक काम कर. माझ्यावर संशय घे. रोज. घरी आले की विचार, आज दिलेलं मत कोणाचं होतं? मी चिडेन, बोलणं टाकेन. तरी विचार."

माझा स्वभाव असा, आणि नेमकं आज मला कोणावरही संशय घ्यायचा नव्हता. आज मला फक्त तिचा अभिमान वाटून घ्यायचा होता.

"विचारीन," मी म्हणालो.

"आत्ता विचार."

सिग्नल लाल होता. मी विचारलं, "उद्या मत कोणाचं देणार, हर्षिता?"

सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी ती फोनवर त्या बिलाचं पहिलंच पान वाचत होती.