जयवंताचा टोमणा

विमलाकाकी खोली विकून गावाला चालल्या आहेत आणि त्या आता परत यायच्या नाहीत, हे कळल्यापासून अनुपमा दिवस मोजत होती. त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली होती. जानकीला कडेवर घेऊन ती रोज त्यांच्या दारापर्यंत जायची आणि "काकी, मेथी आणायची का?" असलं काहीतरी विचारून परत यायची.

बी.ए.ला मराठीच घेतलं होतं तिने. पण ज्या बाईचा मुलगा आपल्या दारात, आपल्या लेकराच्या पायी गेला, तिला काय म्हणायचं हे कुठल्या पेपरात आलं नव्हतं. 'आभार' हा शब्द तर हळदीकुंकवाच्या कार्यक्रमानंतर माईकवर म्हणायचा. तो इथे कसा चालेल?

भांडुपच्या टेकडीवरची ती चाळ सगळी कोकणातली. शिमगा आला की दारोदार कुलपं लागायची आणि चाळ गावाला जायची. त्या वर्षी जानकी चार महिन्यांची होती, म्हणून अनुपमा मुंबईतच राहिली. नवरा, चंद्रप्रकाश, सकाळी ऑफिसला गेला की आख्ख्या मजल्यावर ती एकटी. पलीकडच्या खोलीत विमलाकाकींचा जयवंत तेवढा होता. कारखान्यात नवीनच चिकटलेला, त्यामुळे रजा नाही. रात्रपाळी करून तो दुपारी घरी असायचा.

अनुपमाचा स्वभाव मुळातच घाबरा. तिने डोकं चालवलं. चंद्रप्रकाश जाताना बाहेरून कुलूप लावून जाई आणि ती मोरीच्या मागच्या दाराने ये-जा करी. घरात कुणी नाही असं वाटलं की दार वाजवायला कोण येणार?

"वहिनी, तुम्ही तर चोरालाबी फसवणार!" जयवंत हसला होता.

"हस तू. बाळ झाल्यावर कळेल."

"आधी बायको तरी बघा ना माझ्यासाठी. शिकलेली नको, बाहेरनं कुलूप लावंल."

जयवंत शाहीर होता. शक्ती-तुऱ्याचा. कोकणातल्या लोकांना ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी एवढंच, की दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. मधे ढोलकी, भोवती नाचणारे गडी, आणि शाहिराने समोरच्याला गाण्यातून सवाल करायचा, टोमणे मारायचे, तिथल्या तिथे उत्तर जुळवायचं. जयवंत तुरेवाला. बाविशीतला पोरगा, पण चाळिशीतल्या शाहिरांना घाम फोडायचा. त्याच्या समोर नेहमी उभे राहायचे घाटकोपरचे धाकूबुवा, शक्तीवाले. फेटा मोठा, आवाज त्याहून मोठा. वैशाखात दोघांचा सामना ठरला होता.

सामन्याआधी टोमणा फुटू नये असा कडक दंडक. जयवंत आपल्या गड्यांनासुद्धा आदल्या दिवशीच शिकवायचा. कागदावर काही नाही, सगळं डोक्यात. पण दोन खोल्यांमधली भिंत फळ्यांची होती. दुपारी थाळीवर बोटं वाजवत तो हळू आवाजात गाणं बांधायला लागला की इकडे अनुपमाला शब्द न् शब्द ऐकू यायचा. जानकी त्या ठेक्यावर झोपायची. पुढे पुढे तर तो गायला लागल्याशिवाय झोपायचीच नाही.

"वहिनी, तुम्ही काय ऐकलं नाय हां!" तो फळीवर टकटक करायचा.

"मला काय कळतंय तुमच्या भांडणातलं?"

त्या दुपारीही तो गातच होता. मधेच थांबला. अनुपमाला वाटलं, शब्द अडला. मग तिला पुढच्या दाराच्या कुलपावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. एकदा, परत एकदा.

"वहिनी, मागनं भायेर व्हा! पोरीला घ्या!"

तिने जानकीला गोधडीसकट उचललं. मोरीचं दार उघडताना मागे पुढचं दार निघाल्याचा आवाज आला, दोन माणसं आत शिरली, आणि त्यांच्या मागोमाग जयवंतचा आवाज. गोंधळलेला नव्हता तो आवाज. सामन्यात समोरच्या पक्षाला ललकारतात तसा, खणखणीत. "ओ, तिकडं कुठं बघता? इकडं बघा! सामना माझ्यासंगती हाय!"

ती खालच्या गिरणीपर्यंत धावत गेली. लोक घेऊन परत येईतो ट्रान्झिस्टर आणि फडताळातले दागिने गेले होते आणि जयवंत उंबऱ्याला टेकून बसला होता. सुरा पोटात लागलेला. टॅक्सी मुलुंडच्या हॉस्पिटलपर्यंतही पोचली नाही.

चोर पुढे पकडले गेले, दागिनेही थोडेफार मिळाले. चंद्रप्रकाशने कुलूप बदललं. शिमग्याहून परतलेल्या विमलाकाकींना पोलिसांनी, चाळीतल्या लोकांनी, सगळ्यांनी सांगितलं. जिने ऐकलं होतं तिने मात्र सांगितलं नाही.

काकी निघायच्या आदल्या संध्याकाळी धाकूबुवा आले. फेटा नव्हता. टक्कल पडलेलं, अनुपमाने त्यांना ओळखलंच नाही. काकींच्या खोलीत सामान बांधलेलं, वळकटीवरच बसले. अनुपमा चहा घेऊन गेली, जानकी कडेवर.

"विमलाबाय, मी समजूत घालायला आलो नाय," ते म्हणाले. "माझं एक काम हाय. सामना तर झाला नाय. पण पोराने माझ्यासाठी कायतरी बांधलं असणारच. त्याच्या गड्यांना इचारलं, कुणाला ठावं नाय. माझ्यावर बांधलेलं गाणं मला कळल्याबिगर मी दुसऱ्या कुणाम्होरं कसा उभा राहू?"

"त्यानं मलापण नाय सांगितलं," काकी म्हणाल्या. "त्याचं त्याच्यासोबत गेलं."

"नाही गेलं," अनुपमा म्हणाली.

दोघांनी मान वर केली. तिला वाटलं, आता पाय मागे घ्यावा, मेथीचं काहीतरी विचारावं. जानकी तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. अनुपमाने कप खाली उतरवले, चहाचं स्टीलचं ताट उपडं घातलं, खाली बसली आणि बोटांनी ठेका धरला. आवाज पहिल्यांदा फाटला. मग लागला.

"धाकूबुवा, धाकूबुवा, फेटा तुमचा नऊ हात,
त्याच्याखाली अकलेची एकच उरली वात!
तेल सरलं, वात विझली, काळोख झाला दाट,
तुरेवाल्याच्या उजेडात आता शोधा घरची वाट!"

धाकूबुवांनी टकलावरून हात फिरवला. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. अनुपमा घाबरली, पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी, आणि हसत होते.

"हलकट! माझ्या फेट्यावर आला!" ते म्हणाले. "विमलाबाय, काय कार्टं काढलं होतंस गो!"

काकी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. पदरामागे हसू होतं का रडू, सांगता आलं नसतं.

"आता उत्तर नको द्यायला?" त्या म्हणाल्या. "का वात विझली?"

धाकूबुवा ताठ बसले. ताट आपल्याकडे ओढलं. दया नाही, माया नाही. मैदानात समोर जिता शाहीर उभा असावा तसे तुटून पडले:

"पोरा, तुझ्या उजेडात मी तुझ्याच दारी आलो,
चहा प्यायला म्हणून बसलो, टोमणा खाऊन धालो!
मिसरूड धड फुटली नव्हती, तोंड केवढं धीट,
सामना अर्धा टाकून गेलास, ही कुठली रे रीत?"

शेवटच्या ओळीवर त्यांनी ताट खाली ठेवलं, जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि चहा न पिताच निघून गेले.

खोलीत दोघीच राहिल्या, आणि जानकी.

"काकी," अनुपमा म्हणाली, "शेवटी तो काय बोलला ते मी ऐकलंय." आणि तिने सांगितलं. ललकारीसकट, तशीच्या तशी. कुलूप बघूनच चोरांना घर रिकामं वाटलं असणार आणि ती युक्ती आपली होती, हेही सांगितलं.

"कुलूप तर सगळ्यांच्याच दाराला होतं गो," काकी म्हणाल्या. मग वळकटीची दोरी आवळत, "घाबरला नव्हता ना?"

"नाही. मी घाबरले होते. तो नव्हता."

काकींनी मान हलवली. अनुपमाने जानकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. इतके दिवस शोधलेले शब्द आता फार साधे निघाले. "काकी, ही आहे ना, ती जयवंतमुळे आहे. मी रोज सकाळी उठले की पहिलं हेच म्हणते. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

"मला ठावं होतं," काकी म्हणाल्या. "पण कुणाच्या तरी तोंडून येवदे असं वाटत होतं. बरं केलंस बोललीस." जानकीने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं, ते त्यांनी सोडवून घेतलं नाही. "परत म्हण गो ते फेट्याचं. मला नीट पाठ करून जाऊदे."

अनुपमाने ताट पुढे घेतलं.