शर्टाची मागची बाजू

प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाने फोटो टेबलावर ठेवला आणि समोर बसलेल्या हेडबाईंना सरळ दिसावा म्हणून बोटाने फिरवला. तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. जावयाचा शर्ट होता, पांढऱ्या कागदावर बाह्या पसरून ठेवलेला. छातीपासून खालपर्यंत एकच मोठा डाग, वाळून तपकिरी झालेला. ते लेकीचं रक्त आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"पाणी देऊ का, बाई?" तपास अधिकाऱ्याने विचारलं.

"नको. आधी तुम्ही नीट बसा. पाठीला पोक येईल अशाने."

तो नकळत ताठ बसला. तिच्यापुढे सगळ्यांचं असंच होई. शाळा सोडून कितीतरी वर्षं झाली तरी अख्खी गल्ली तिला हेडबाईच म्हणायची, आणि तिच्यासमोर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. लेक तर म्हणायची, आईने डोळे वटारले की बंद पडलेलं घड्याळसुद्धा चालू होतं. तिचं ते हसणं आठवलं आणि हेडबाईंनी फोटोवरची नजर काढून खिडकीकडे नेली.

"डोक्यावर घाव बसतो तेव्हा रक्ताचे बारीक शिंतोडे उडतात," तज्ज्ञ म्हणाला. "मारणाऱ्याच्या कपड्यांवर येतात. टाचणीच्या टोकाएवढे असतात. आम्ही तेच शोधत होतो. पण हा डाग वरून पसरलाय. खाली काही असलंच, तर ते त्यात बुडालं."

"घरभर तुमच्या जावयाच्या बोटांचे ठसे आहेत, पण घरच त्याचं," अधिकारी म्हणाला. "हत्यार सापडलं नाही. उरला हा शर्ट. तो म्हणतो, बाहेरून आलो तर ती पडलेली होती, आणि तुम्ही आल्यावर तुमच्यासमोर तिला मांडीवर घेतलं. शेजारी धावून आले तेव्हा ती तुमच्याजवळ होती. म्हणजे पाहिलंय ते फक्त तुम्ही. त्याने तिला हातच लावला नसेल, तर हे रक्त आलं कुठून ते त्याला सांगावं लागेल. लावला असेल, तर मात्र तो सुटलाच म्हणून समजा."

तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

त्या दिवशी लेकीच्या घराचं दार उघडंच होतं. ती आत गेली तेव्हा लेक जमिनीवर होती आणि जावई भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या अंगातला शर्ट तिने पाहिलाच नव्हता. ती लेकीपाशी बसली, तिचं डोकं दोन्ही हातांनी सावरलं, हाका मारल्या. मग मान वर केली तर हा तसाच उभा, खांबासारखा. तिला त्याचा राग आला. 'उभा काय राहिलास? घे तिला जवळ. बायको आहे ना तुझी?' त्याने नाही म्हणून मान हलवली. घाबरला असेल, असं तिला वाटलं, आणि रागाच्या मागोमाग दयाही आली. तिने उठून त्याला खाली बसवलं आणि लेकीचं डोकं स्वतः उचलून त्याच्या मांडीवर, छातीशी टेकवून दिलं. शेजारी येईपर्यंत तिने लेकीला परत आपल्याजवळ घेतलं होतं.

गेला आठवडाभर तिला तेच दिसत होतं. त्याने हलवलेली मान.

"नाही," ती म्हणाली. "त्याने तिला हात लावला नाही."

वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराला ती नुसत्या आवाजावरून ओळखायची. आपला आवाज तिला तसाच लागला. पण अधिकाऱ्याचा चेहरा उजळला होता. त्याने लगेच लिहायला घेतलं.

तज्ज्ञाने मात्र पाकिटातून आणखी एक फोटो काढला. "ही मागची बाजू. खांद्यावर बघा. कापडावर बोटांच्या रेघा सहसा मिळत नाहीत. इथे मिळाल्यात. अख्ख्या शर्टावर एवढंच काय ते स्पष्ट आहे." त्याने फोटो तिच्याकडे सरकवला. "तुमचे ठसे आम्ही घेतले होते, बाई. हा हात तुमचा आहे."

लिहिणं थांबलं. फोटोत तिला स्वतःचा पंजा दिसत होता, अंगठ्यासकट.

"त्याचा वकील पहिल्यांदा हेच विचारेल," तज्ज्ञ म्हणाला, "की तुमचा रक्ताचा हात त्याच्या खांद्यावर गेला कशाला."

जन्मभर ती इतरांना उत्तरं विचारत आली होती.

"खाली दाबला मी त्याला. बस म्हटलं. घे तिला, म्हटलं."

अधिकाऱ्याने आधीची ओळ खोडली. तिच्यावर रागवावं की तिची समजूत काढावी हे त्याला कळेना, म्हणून तो पुन्हा पुन्हा तीच ओळ खोडत राहिला.

"दाबल्याचा हा एक," तज्ज्ञ हळूच म्हणाला. "पण पाठीवर आणखी आहेत. हलके, एकावर एक."

"थोपटलं मी त्याला."

"रडत होता का तो?"

"नाही. म्हणून तर. म्हटलं, रड रे बाळा, मोकळा हो."

"मग?"

"मग रडला," ती म्हणाली. "माझं सगळे ऐकतात."