कंपायलर सापडत नाही

छोटीने एंटर दाबलं आणि पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली. कंपायलर सापडला नाही.

"अरे, आहे की!" ती मशीनवरच खेकसली. "सकाळीच तर टाकला!"

नाव छोटी असलं तरी ती शाळेत गणित शिकवायची आणि पोरं तिला टरकून असायची. कॉम्प्युटर मात्र तिला मुळीच टरकत नव्हता. तो होता दादाचा. घशाच्या ऑपरेशनमध्ये दादाचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधी डॉक्टरांनी सुचवलं म्हणून त्याने आपल्या आवाजात ढीगभर वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली होती. आपण टाइप करायचं आणि मशीनने ते त्याच आवाजात बोलायचं, अशी सोय करणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार सूचनांचा संच, छोटीला आता सापडली होती. फक्त ती कच्ची होती. कंपायलर नावाचा प्रोग्राम तिच्यातल्या सूचना मशीनला पचतील अशा करून देणार, मग दादा बोलणार. आईचे कान सकाळपासून तिकडेच लागले होते. तिला एकदा त्याच्या आवाजात 'आई' ऐकायचं होतं.

छोटीने कंपायलरला नावाने हाक मारून पाहिली. त्याने निमूटपणे आपली आवृत्ती सांगितली. म्हणजे घरात होता. पुन्हा लायब्ररी बांधायला घेतली, तर म्हणे सापडला नाही. काढला, पुन्हा टाकला, मशीन बंद करून चालू केलं. फरक शून्य.

मागे पलंगावर बसलेल्या दादाने मांडीवरच्या पांढऱ्या पाटीवर टकटक केली.

"काय रे, पाणी हवंय?" छोटी मान न वळवता म्हणाली. "आई, दादाला पाणी दे गं."

"पाणी कशाला, चहा हवा असेल त्याला," दारातून बाबा म्हणाले.

आईने चहा आणला. नेहमीसारखीच दोन चमचे साखर जास्त घातली होती, अंगात ताकद यावी म्हणून. दादाने तो निमूटपणे संपवला. सुरुवातीला तो पाटीवर लिहायचा, पण लिहून होईपर्यंत त्याच्या वतीने कुणीतरी उत्तर देऊन मोकळं झालेलं असायचं. बाबा तर फोनवरही त्याच्या वतीने खुशाल हसायचे. हल्ली पाटी बहुतेक कोरीच असे.

शेवटी हात टेकून छोटीने शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना फोन लावला. बराच वेळ दोघंही गोंधळली.

"मशीन कुणाचं आहे?" सरांनी विचारलं.

"दादाचं. तो ह्याच कामात होता."

"मग त्यांना काय वाटतं?"

"अहो सर, तो बोलू शकत नाही."

"ते माहीत आहे. ऐकू येतं ना त्यांना?"

छोटीने फोन ठेवला. तिला भयंकर लाज वाटली. मग उठून तिने खुर्ची मागे ओढली.

"दादा, बघतोस का जरा? मला काहीच कळत नाहीये."

दादा येऊन बसला. पडद्यावरची ओळ त्याने एकदाच वाचली. मग एक जुनी फाइल उघडली. पूर्वी कधीतरी त्यानेच तिच्यात लिहून ठेवलं होतं, की कंपायलर हवा असेल तर अमुक ठिकाणी जा. तिथला जुना कंपायलर छोटीने साफसफाई म्हणून सकाळी काढून टाकला होता. नवा भलतीकडे होता, आणि मशीन इमानेइतबारे जुन्याच पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परत येत होतं.

"म्हणजे... मीच घालवला होता?"

दादाने मान डोलावली आणि तिच्या डोक्यात एक हलकी टपली मारली. पत्ता बदलला, अर्धवट बांधलेलं सगळं पुसलं आणि नव्याने सुरुवात केली. पडद्यावरून ओळी भराभर वर सरकू लागल्या. ह्या वेळी त्या थांबल्या नाहीत.

आई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. बाबाही आले. दादाने टाइप केलं. स्पीकर जरा खरखरला आणि मग त्याचा, अगदी त्याचाच आवाज आला.

"आई."

आईने खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिचे डोळे भरून आले. दादा अजून टाइप करत होता.

"चहात साखर नको गं. ऑपरेशनच्या आधीच सोडलीये मी."

आईने त्याच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"मग इतके दिवस प्यायलास कसा रे?"

दादाची बोटं कीबोर्डवर गेली. "अगं, त्याला वाटलं असेल," म्हणून बाबांनी सुरुवात केली आणि ते मध्येच थांबले. दादा टाइप करत राहिला. तिघंही वाट बघत उभी राहिली.