नाव घे, अरू

उखाणा घेण्यात आमच्या अरूचा हात धरणारी बाई इंदूरच्या अख्ख्या रामबागेत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीकुंकवाला बायकांनी तिला घेरलं, तर मानपूरच्या पोस्टमास्तरांची ही मुलगी मान खाली घालून, पण ठणठणीत आवाजात म्हणाली, "सियागंजात गूळ, सराफ्यात सोनं, लक्ष्मीकांतरावांचं सगळं चांगलं, वाईट फक्त घोरणं."

बायका पोट धरून हसल्या. मी डोळे वटारले, कारण सासूनं डोळे वटारायचे असतात. मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले. घोरणं माझ्या मुलानं बापाकडून उचललंय. मी ते तीस वर्षं ऐकत आले होते, पण यमकात बसवायचं मला कधी सुचलं नाही.

अरूला आई नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिथे करणार कोण? मीच तिच्या वडिलांना पत्र टाकलं की पोरीला आमच्याकडेच राहू द्या, मी चार बाळंतपणं काढलेली बाई आहे. "द्वारकाबाईंनी सुनेला फार डोक्यावर चढवलंय," असं शेजारच्या सखुबाई म्हणायच्या. म्हणोत बापड्या. डोकं माझं होतं.

मध्यभारत होऊन चारेक वर्षं झाली होती. होळकरांचा दरबार गेला, तिथल्या नोकरीतून आमच्या ह्यांना पेन्शन बसली, आणि नव्या सरकारनं हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला अशी वाटणी करून ठेवली. लक्ष्मीकांत सेक्रेटरिएटात कारकून. थंडी आली की फायलींच्या पेट्यांबरोबर तोही ग्वाल्हेरला जायचा. त्या वर्षीही गेला, अरूला सातवा लागलेला असताना.

नवव्यात तिचे पाय सुजले. मग हात सुजले, बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. मी म्हटलं, दिवस भरत आले की व्हायचंच. संक्रांतीनंतर चार दिवसांनी सुईणीच्या हातून घरीच सुटका झाली. मुलगी झाली, गोरीपान. मी ग्वाल्हेरला तार केली आणि गल्लीत जिलब्या वाटल्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अरूचं डोकं दुखायला लागलं. मी कपाळाला सुंठ उगाळून लावली, फडकं घट्ट बांधलं, वर डिंकाचा लाडू दिला.

"आई, डोळ्यांपुढे काजवे चमकतात," ती म्हणाली.

"जागरणं होतायत ना गं. सगळ्यांनाच होतं, परेशान होऊ नकोस."

असं ती चार वेळा म्हणाली. चार वेळा, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा मी दर वेळी सुंठ उगाळत होते.

बाराव्या दिवशी बारसं केलं. पाळणा सजवला, घर बायकांनी भरलं. माझ्या बेबीनं, म्हणजे मुलीच्या आत्यानं, बाळाच्या कानात 'इंदिरा' असं नाव सांगितलं आणि सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मग सखुबाई म्हणाल्या, "चलो, आता बाळाच्या आईनं नाव घ्यायचं!"

अरू पाळण्याची दोरी धरून उभी होती. तिनं सुरुवात केली. "पाळण्याला बांधली… रेशमाची दोरी…"

आणि थांबली.

"शरमाते आहे बिचारी!" सखुबाई हसल्या. "ग्वाल्हेरची याद आली वाटतं. अगं, जल्दी घे!"

अरूनं तोंड उघडलं. काहीतरी पुटपुटली, शब्द कसला तो कळेना. बायका आणखी हसल्या. नवऱ्याचं नाव घेताना अडखळणारी बाई म्हणजे हसण्याचीच गोष्ट, पिढ्यान् पिढ्या आम्ही तेच केलंय. मीही हसले. नुसती हसले नाही, तिला कोपरानं ढोसलं आणि म्हटलं, "नाव घे, अरू, नखरे पुरे!"

तेव्हा तिच्या हातातली दोरी सुटली. ती माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती, आणि हसू तोंडाच्या एकाच बाजूला येत होतं. दुसरी बाजू हललीच नाही. उखाणा जिला कधी शोधावा लागला नाही, ती मुलगी उखाण्याच्या मध्ये थांबली होती, आणि मी तिला ढोसलं होतं. मी तिला अंगावर घेतलं नसतं तर ती पाळण्यावरच पडली असती.

टांग्यात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "भिया, जल्दी चलाओ," असं आमचे हे टांगेवाल्याला दहा वेळा म्हणाले. एरवी हा माणूस पाणी मागतानाही घाई करत नाही.

जनाना इस्पितळातल्या डॉक्टर इंदुमतीबाई वयानं माझ्याहून लहान, पण जिभेनं माझ्या तोडीच्या होत्या. अरूच्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी फुगवला, काटा बघितला, पुन्हा फुगवला.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"आठेक दिवस."

"आठ दिवस तुम्ही काय करत होतात?"

"सुंठ लावत होते," मी म्हटलं.

एरवी मला असं कोणी विचारलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी खाली मान घालून उभी राहिले.

"ब्लडप्रेशर फार चढलंय," त्या म्हणाल्या. "ती सूज आली ना, तेव्हापासूनच चढत असणार. बाळंत झाली म्हणजे बाई सुटली असं नसतं, द्वारकाबाई. पुढचे सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. हिच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला इजा झालीय. उजवा हात आणि बोलणं, दोन्हींवर परिणाम आहे. जीव वाचवायचा आपण प्रयत्न करू. बोलणं किती परत येईल, ते मला आज सांगता येणार नाही."

तीन आठवडे तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. सर्पगंधेच्या गोळ्या, सुया, मीठ बंद, आवाज बंद. घरी बेबी बाळाला बोंडल्यानं दूध पाजायची. लक्ष्मीकांत दुसरी तार मिळताच आला, आठ दिवसांची रजा घेऊन. आठही दिवस तो तिचा डावा हात धरून बसला. ती त्याच्याकडे बघायची, ओठ हलवायची आणि डोळे मिटून घ्यायची. निघताना स्टेशनावर त्यानं मला विचारलं, "आई, मी कोण हे तिला कळतं ना?"

"कळतं रे," मी म्हटलं. मला काय माहीत होतं? पण आईनं असंच म्हणायचं असतं.

जीव वाचला. घरी आणलं तेव्हा पहिला शब्द आला तो 'आई'. माझ्याकडे बघून म्हणाली. मी डाळ करपू दिली आणि रडले. मग 'पाणी', 'बाळ', 'बेबी' असे एकेक शब्द येत गेले. गंमत अशी, की बेचा पाढा लावून दिला तर ती थेट वीसपर्यंत घडाघडा म्हणायची, आणि नंतर 'वाटी' म्हणायला तिला अर्धा तास लागायचा. इंदुमतीबाई म्हणाल्या, पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं. वस्तू दाखवा, माणसं दाखवा, नावं विचारा, घाई करू नका.

मी घरातलं सगळं दाखवलं. पळी, परात, कंदील, आमचे हे. 'अप्पा', ती म्हणाली. एकच नाव येत नव्हतं. लक्ष्मीकांतचा फोटो समोर धरला की ती मान खाली घालायची.

"चांगल्या घरची सून आहे," सखुबाई म्हणाल्या. "नवऱ्याचं नाव फुकट कशी घेईल?"

मीही स्वतःची तशीच समजूत घालत होते. येतंय, पण लाजते आहे. मात्र मनातून जळत होते. ती लाजते आहे की तिला येतच नाही, हे मला कळत नव्हतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. मागच्या वेळी लाजते आहे असं समजूनच तर मी हसले होते.

मग एका दुपारी मी ठरवलं. लग्नाला तीस वर्षं झाली, उखाण्याबाहेर मी ह्यांचं नाव कधी उच्चारलं नाही. मतदारयादीसाठी माणूस आला होता, त्यालाही सांगितलं नाही, बेबीनं सांगितलं. मी अरूच्या समोर पाट घेऊन बसले आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "दौलतराव!"

हे धावत आले. चष्मा कपाळावर, एका पायात चप्पल. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. तुमचं नाव घेऊन बघितलं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, अरूकडे बघितलं. माणूस हळू आहे, पण मंद नाही. "असं होय," ते म्हणाले. "पुन्हा घ्यायचं असलं तर मी इथेच आहे, द्वारका."

माझं नावही ह्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. अरू हसली. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा हसली, अर्ध्या तोंडानं का होईना.

"आता तू," मी म्हटलं. "यमक नको, राव नको. नुसतं नाव. इथे कोणी परकं नाही."

तिनं फोटोकडे बघितलं. तोंड उघडलं. "ल…" म्हणाली. "ल… ल…" गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, डोळे भरून आले, आणि पुढे काही नाही. फोटोवर ती बोट आपटत राहिली.

लाज नव्हतीच. त्या पोरीला येत नव्हतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या दुखण्याला संस्कार म्हटलं होतं. मी तिला जवळ घेतलं. "माझीच चूक गं," मी म्हटलं. "बारशालाही माझीच, आणि आत्ताही माझीच. मेलं राम नाव ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? मला जोडाक्षरांचीच हौस!"

त्यानंतर आमची रोज शाळा भरू लागली. चारच्या चहाला मी 'दौलतराव' म्हणायची आणि मग तिची पाळी. आधी 'कांत' आलं. पंधरा दिवस माझा मुलगा नुसताच कांत होता. मग एकदा 'लक्' आलं, पण तोवर 'कांत' हरवलं. ती चिडायची, वाटी भिरकावायची, डाव्या हातानं. मी वाटी उचलून आणायची. आमचे हे तर इतके सोकावले की मी 'अहो' म्हटलं तर ओ देईनात.

महिन्याच्या महिन्याला इंदुमतीबाईंकडे पट्टा बांधायला नेत होते. "पुढची खेप झालीच तर तिसऱ्या महिन्यापासून माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "आणि नाही झाली तरी हिचं ब्लडप्रेशर जन्मभर बघत राहायचं." तेव्हापासून रामबागेत कुठल्या गरोदर पोरीची बांगडी रुतलेली दिसली, की तिला हाताला धरून इस्पितळात नेते. बाळंतीण डोकं दुखतं म्हणाली तरी तेच. लोक मला आगाऊ म्हणतात. म्हणोत.

एप्रिलात दफ्तर इंदूरला परतलं. दुपारी टांगा दाराशी थांबला. सखुबाई ओसरीवर पापड वाळत घालत होत्या. लक्ष्मीकांतनं ट्रंक उतरवली आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. आत बघायला घाबरत होता, आईला कळतं ते. अरू इंदिराला डाव्या कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

"लक्ष्मी," ती म्हणाली. थांबली. मी पदराचं टोक दातांत धरलं. "कांत."

सखुबाईंच्या हातातला पापड पडला. "अगं बाई! नवऱ्याला सरळ नावानं?"

"सखुबाई, गप्प बसा," मी म्हटलं. "पुन्हा नाव घे, अरू."

"लक्ष्मीकांत," ती म्हणाली, या वेळी एका दमात. "पाणी… काढलंय. हातपाय धुवा."

तो नाडी हातात धरून तसाच वाकलेला. वर बघितलं, ओठ हलवले, काहीतरी म्हणायला गेला, पण शब्द फुटेना. त्या दुपारी आमच्या घरात बोलता येत नव्हतं ते फक्त माझ्या मुलाला.