ॲनिमोनची जागा

हृदयात स्टेंट टाकल्यावर डॉक्टरांनी गोपालरावांना उन्हातान्हातली कामं बंद करायला सांगितली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला नुसतं बसता येत नाही. शेंदूरजनाघाटची संत्र्याची बाग धाकटा भाऊ किशोर पाहू लागला आणि गोपालराव अमरावतीच्या फ्लॅटमध्ये आले. त्यांची बायको रागिणी तिथल्या शाळेत शिकवायची. ती शाळेत गेली की घरात उरायचे ते आणि फोन. पाणी सोडलं का, फवारा केव्हा मारतो, असं करत ते फोनवरूनच बाग चालवायचे. किशोर सगळ्याला 'हो भाऊ' म्हणायचा. पुढं पुढं तो फोन उशिरा उचलू लागला.

मग घरात खाऱ्या पाण्याची टाकी आली. आत खडक, थोडे मऊ प्रवाळ आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. शुद्ध पाण्यात खास मीठ कालवून समुद्र तयार करायचा आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात चिलर लावून तो थंड ठेवायचा. हे काम गोपालरावांना मानवलं. वर्षभरात टाकी चांगली मुरली, तशी त्यांना ॲनिमोनची ओढ लागली. ॲनिमोन म्हणजे खडकाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री जीव. हे पट्ट्यांचे मासे त्याच्या बोटांसारख्या सोंडांमध्ये घर करतात.

अकोल्यात सुगत नावाचा एक तरुण होता. दवाखान्यात लॅबचं काम करायचा, आणि घरी कित्येक वर्षांची टाकी. त्याच्याकडचा ॲनिमोन फुटून एकाचे दोन झाले होते, त्यातला एक तो गोपालरावांना द्यायला तयार झाला. गोपालराव एसटीनं गेले आणि थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन परतले. डब्यात पाण्याची पिशवी, पिशवीत मुठीएवढा तपकिरी गोळा. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय भाऊ, दवाई हाय का?"

"पाहुणा हाय," गोपालराव म्हणाले.

सुगतनं सोबत सलाईनची नवी नळी दिली होती. त्या नळीनं टाकीचं पाणी थेंबाथेंबानं डब्यात सोडायचं, म्हणजे जिवाला नव्या पाण्याची सवय होते. गोपालराव खुर्ची ओढून थेंब मोजत बसले. मग त्यांनी ॲनिमोन अलगद उचलून सोफ्यासमोरच्या खडकाच्या खोबणीत ठेवला. सगळ्यात चांगली जागा, उजेडही तिथंच. सुगतनं बजावलं होतं, "काका, त्याले पटंल तिथं तो जाईल. तुमी हात लावू नका. आठवडाभर खाऊ बी घालू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲनिमोन खोबणीत नव्हता. सरकत सरकत काचेच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. गोपालरावांनी पिचकारीनं पाण्याचा झोत मारून त्याला ढकलत परत आणला. दुपारी तो पुन्हा निघाला. त्यांनी पुन्हा झोत मारला. या वेळी ॲनिमोननं सगळीकडचीच पकड सोडली आणि तो पाण्यात तरंगायला लागला. लाटा करणारा पंप त्याला आपल्याकडे ओढत होता. पात्यात सापडला असता तर त्याचे तुकडे झाले असते, आणि त्या घाणीनं मासेही गेले असते. गोपालरावांनी धावत जाऊन बटण बंद केलं. छाती धडधडत होती. त्यांनी ती हातानं दाबून धरली आणि तसेच खाली बसले.

रागिणी शाळेतून आली तेव्हा ते तसेच फरशीवर होते. तिनं आधी त्यांची नाडी पाहिली, मग टाकीत पाहिलं.

"तुमी हात लावला ना त्याले?"

"मी फक्त जागेवर आणून राहिलो होतो."

"कोणाच्या जागेवर?"

रागिणीनं गॅलरीत कुंड्यांवर बांधलेल्या हिरव्या शेडनेटचा तुकडा कापला, स्वच्छ धुतला आणि दोघांनी मिळून तो पंपाभोवती बांधला. पंप सुरू केला. तोवर ॲनिमोन खडकाखालच्या सांदीत शिरून लिंबाएवढा आक्रसला होता. गोपालरावांनी सुगतला फोन लावून सगळं सांगितलं.

"त्याचं तोंड उघडं पडलं का? पाण्याले वास येऊन राहिला का?" सुगतनं विचारलं.

"नाई."

"मंग जिता हाय. राहू द्या त्याले."

पण सकाळी गोपालरावांचे हात पुन्हा खडकाकडे गेलेच. जरा उचलून पाहावं, एवढंच मनात होतं. रागिणी मागूनच म्हणाली, "कलम लावल्यावर मुळं धरली का नाई, हे पाहाले उपटून पाहता का तुमी?"

त्यांनी हात बाहेर घेतला. पंचाला पुसत म्हणाले, "नाई पाहत."

"चला मंग. आज रविवार हाय, शेंदूरजन्याले जाऊ. इथं राहाल तं हात घालालच."

दवाखान्यानंतर ते पहिल्यांदाच बागेत गेले. किशोरनं झाडांच्या दोन्ही अंगांनी ठिबकच्या नव्या नळ्या टाकल्या होत्या. बांधावरची वाळलेली झाडं काढून नवी कलमं लावली होती. यातलं काही त्यानं फोनवर सांगितलं नव्हतं. गोपालराव सावली धरून ओळीओळीनं हिंडले. पानं गर्द हिरवी होती. एका ठिकाणी नळी जरा वाकडी दिसली, ती सरळ करायला ते वाकले आणि तिला हात न लावताच परत उभे राहिले. किशोर त्यांच्या तोंडाकडे पाहत होता, बोलणी खायची तयारी करून.

"चांगलं केलं," गोपालराव म्हणाले.

"च्या घेता का भाऊ?" किशोरनं विचारलं.

घरी परतले तेव्हा ॲनिमोन सांदीतून बाहेर आला होता. खोबणीत मात्र नाही. खडकाच्या आडबाजूला, स्वयंपाकघराच्या अंगानं तो बसला होता. सोफ्यावरून त्याची जेमतेम कड दिसत होती. पण अंग फुगलेलं, सोंडा मोकळ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला छोटासा फुगा. पट्ट्यांचे मासे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते. गोपालराव ओट्याला टेकून कितीतरी वेळ उभे राहिले.

पुढचे दिवस ते रोज स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसत. रागिणी पोळ्या करायची, ते भाजी निवडून द्यायचे. किशोरला फोन करायचे ते आता संध्याकाळी, आणि बऱ्याचदा त्याच्या पोरांची चौकशी करायला.

आठवडा उलटल्यावर त्यांनी कोळंबीचा नखाएवढा तुकडा लांब चिमट्यात धरून पाण्यात नेला. एक सोंड त्याला चिकटली, मग दुसरी. चिमट्याला अगदी हलका हिसका बसला.

"ओढलं त्यानं," ते हळूच म्हणाले.

रागिणी कणकेचे हात तसेच घेऊन आली आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. सोंडा सावकाश मिटत तुकडा मधोमध नेत होत्या.

"सोडा आता चिमटा," ती म्हणाली.

त्यांनी सोडला.