एक्केचाळीस मीटर

सीमाने दिव्याच्या खांबाला बांधलेली नोटीस दोन बोटांनी सपाट धरली आणि मोबाइलने तिचा फोटो काढला. प्लास्टिकच्या आत पाणी शिरून नकाशाचा एक कोपरा फुगला होता. बार्नबी स्ट्रीटचं शेवटचं टोक काळ्या तिरक्या रेघांनी भरलेलं होतं.

“काय लिवलंय?” तिच्या आईने विचारलं. गयाबाई वॉकरवर दोन्ही हात टेकून रस्त्यात उभी होती. साडीवर जाड कोट, कोटावर मफलर, आणि वय पंच्याऐंशी.

“कौन्सिल हा रस्ता बंद करणार आहे, आई. इथपासून त्या भिंतीपर्यंत. एक्केचाळीस मीटर.”

“दुरुस्तीला?”

“नाही, कायमचा. मग हा रस्ताच राहणार नाही. दोन्हीकडची जागा जोडून एक मोठी इमारत होणार आहे.”

“कारण काय देत्यात?”

नोटिशीत त्यासाठी एकच शब्द होता. सीमाने तो आधी मनातल्या मनात मराठीत करून पाहिला.

“अनावश्यक,” ती म्हणाली. “म्हणजे याची कुणाला गरज नाही.”

आईने वॉकरचा ब्रेक सोडला आणि ती चालू लागली. फुटपाथवरून नाही, रस्त्याच्या मधोमध. गाड्या इकडे येत नसत. टोकाच्या विटांच्या भिंतीला तिने तळहात लावला, वळली आणि आली तशी परत आली. रोज सकाळी ती एवढंच चालायची. सीमाने एकदा मोजलं होतं: जाताना एकशे बारा पावलं, येताना एकशे अठरा.

भिंतीच्या जागी पूर्वी हॉल होता. लाकडी जमिनीचा, हिवाळ्यात हीटरला न जुमानणारा. चौदा एप्रिलला सीमाचे वडील, नाना, तो दिवसभरासाठी घ्यायचे. मँचेस्टरभरातून, कधी बोल्टनहूनही, माणसं यायची आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी जमायची. बायकांच्या पांढऱ्या साड्यांवर रंगीबेरंगी कार्डिगन असायचे. निळे झेंडे विणायच्या सुयांना शिवलेले असायचे, कारण पहिल्या वर्षी काठ्या कुठे मिळतात ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पुढे तीच रीत पडली. सर्वांत पुढे नाना, छातीशी बाबासाहेबांचा फोटो धरून. एरवी बस डेपोतून ग्रीसचे हात घेऊन घाईने येणारा तिचा बाप त्या दिवशी इतका सावकाश चालायचा, की मागच्या मुलांच्या टाचा तुडवल्या जायच्या. लाँड्रीतल्या वाफेचा वास, भिजलेलं डांबर, कुणाच्या तरी डब्यातली खीर. लाँड्रीवाली बाई दारात येऊन उभी राहायची आणि मिरवणूक संपेपर्यंत आत जायची नाही.

हॉल पाडला त्याला नऊ वर्षं झाली. नाना गेले त्याला बारा.

रविवारी अन्वी जेवायला आली. सीमाची ही मुलगी एका वकिलांच्या ऑफिसात ट्रेनी होती. तिने फोटोतली नोटीस दोनदा वाचली.

“मम, मॅजिस्ट्रेट्स कोर्टात हिअरिंग असणार. जो कोणी तो रस्ता यूज करतो, त्याला तिथे बोलता येतं. आजीला पण येतं. पण एव्हिडन्स पाहिजे. जुने फोटोज, लेटर्स, एनीथिंग.”

“आजी रोज चालते, हा पुरावा नाही का?”

“चालते, पण कुठे? हॉल तर गेली.”

“गेला,” आजी भाकरी मोडता मोडता म्हणाली. “हॉल बाप्या हाय.”

“आजी, कोर्टात पण माझी ग्रामर करेक्ट करणार?”

“तुझी कशाला? जज्जाची करीन.”

अन्वी गेल्यावर सीमाने कपाटातून नानांची फाइल काढली. वर फोटो होते. खाली टाइप केलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती, वर्षांच्या क्रमाने. पहिली १९७९ची.

‘आदरणीय महोदय, येत्या चौदा एप्रिलला आमच्या समाजातल्या पस्तीस माणसांना बार्नबी स्ट्रीटवरून चालत जाण्याची परवानगी मिळावी, अशी नम्र विनंती आहे.’

दुसरं पत्रही तेच. तिसरंही. सीमाने शेवटपर्यंत चाळलं. २०१२पर्यंत एकूण चौतीस पत्रं, फक्त माणसांचा आकडा बदलत गेलेला. ‘नम्र’ हा शब्द चौतीसही वेळा.

तिचे कान तापले. नानांनी गाव सोडलं तेव्हा ती चार वर्षांची होती. गावातलं तिला काहीच आठवत नव्हतं. आठवायचं ते नानांचं वाक्य: कुणापुढे हात पसरायचा नाही. डेपोत हक्काची रजासुद्धा ते मागायचे नाहीत, कळवायचे. आणि तेच नाना रस्त्यावरून चालू द्या म्हणून दर वर्षी विनवत होते. फाइलच्या तळाशी नाडीने बांधलेला एक तपकिरी लिफाफा होता. तो तिने उघडला नाही. फोटो तेवढे वेगळे काढले.

“लेटर्स काहीच नाहीत?” अन्वीने फोनवर विचारलं.

“नाहीत,” सीमा म्हणाली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेल्या सीमाने आजवर एकही रिझल्ट दाबून ठेवला नव्हता.

कोर्टातली खोली लहान होती. समोर तीन मॅजिस्ट्रेट, मध्ये पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. कौन्सिलचा वकील तरुण होता आणि अतिशय अदबीने बोलत होता. दुभाषा मिळाला नव्हता, म्हणून सीमाला आईशेजारी उभं राहू दिलं.

“मिसेस सरवदे, या भागातून तुम्ही कुठे जाता?”

सीमाने वकिलाचा प्रश्न आईला मराठीत सांगितला.

“भिंतीपत्तुर,” आई म्हणाली. “आन् माघारी.”

मागे कुणीतरी हलकेच हसलं. वकील हसला नाही.

“मग या रस्त्याची तुम्हाला नेमकी गरज काय, हे सांगू शकाल?”

सीमाने तेही मराठीत सांगितलं. आई तिच्याकडे न बघता, सरळ वकिलाकडे बघत बोलली.

“गावात वेशीच्या आत पाय टाकला की इचारायचे, हिकडं कशाला आलीस. पाणी आणायला जायचं तर वढ्याकडनं वळसा घालून जायचं. हितं येऊन चोपन्न वर्सं झाली. कुनी इचारलं न्हाई. आज ह्यानं इचारलं.”

वकील वाट बघत होता. सीमाने कठड्यावरचा हात सरळ केला.

“ती म्हणते,” सीमा इंग्रजीत म्हणाली, “की हा प्रश्न तिला इथे याआधी कुणी विचारला नव्हता.”

आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आपलं बोलणं किती लांब होतं ते तिला माहीत होतं.

“कागद कुठं हायेत? तुझ्या बापाचे?”

“राहू दे ना, आई.”

आईने कोटाचं वरचं बटण लावलं, वॉकर सोडून दोन्ही हात कठड्यावर ठेवले, आणि शाळेतल्या पोरीने कविता म्हणावी तशा एका सुरात म्हणाली,

“डिअर मिस्टर सरवदे. नो परमिशन इज रिक्वायर्ड टु वॉक ऑन अ पब्लिक हायवे. बार्नबी स्ट्रीट इज ओपन टु एव्हरीबडी. युअर्स सिन्सिअरली.”

वकिलाने समोरचे कागद उगाच सारखे केले.

“मिस्टर सरवदे कोण?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“माझे वडील.”

“त्यांना लिहिलं ते बरोबर होतं,” बाई म्हणाल्या. “आजही बरोबर आहे.” आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

अर्ध्या तासाने निकाल आला. रस्ता कुठेही जात नाही, त्यामुळे कायद्याच्या अर्थाने तो अनावश्यक आहे. कौन्सिलचा अर्ज मंजूर. आपल्याला खेद वाटतो असंही बाई म्हणाल्या, आणि तो शब्द त्या आईकडे बघून म्हणाल्या. सीमाने तो जसाच्या तसा मराठीत सांगितला. आईने हात जोडले. “जय भीम,” ती म्हणाली.

घरी आल्यावर आईने कोटही काढला नाही.

“फाइल काढ. त्यो लिफाफा बी.”

सीमाने नाडी सोडली. आत कौन्सिलची उत्तरं होती. लेटरहेडवर टाइप केलेली, तीही वर्षांच्या क्रमाने. सर्वांत वर १९७९. आईने कोर्टात म्हटलं तेच वाक्य, एका शब्दाचाही फरक नाही.

“पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की त्यांनी,” सीमा म्हणाली. “परवानगी लागत नाही म्हणून. मग नाना परत परत कशाला...”

आई खुर्ची टेबलाजवळ ओढत होती. सीमा पानं उलटत राहिली. १९८०, ८१, ८२. खाली एकच सही, होलरॉइड. दर वर्षी तेच वाक्य. काही कागद घडीवर इतके विरले होते की मागून टेप लावलेली होती.

१९९६च्या पत्राखाली शाईने दोन ओळी लिहिलेल्या होत्या. सीमाने त्या उजेडाकडे धरल्या.

“काय हाय?”

“हाताने लिहिलंय. ‘मिस्टर सरवदे, या महिन्यात माझी रिटायरमेंट आहे. तुमचं पत्र दर मार्चमध्ये येतं, हे माझ्या जागी येणाऱ्या माणसाला सांगून ठेवलं आहे.’”

आईच्या हातातली मफलरची गाठ अर्धवट सुटून तशीच राहिली.

“दर साली उत्तर आलं की मला मोठ्यानं वाचून दावायचे. ह्ये न्हवतं दावलं त्यांनी,” ती म्हणाली. मग मफलर टेबलावर ठेवून, “फुडच्या वर्साचं बघ.”

सीमाने पान उलटलं. १९९७. सही वेगळी होती.

“तेच आहे, आई. तेच वाक्य.”

“तरी वाच.”

सीमाने चष्मा पुसला, कागद दोन्ही हातांत धरला आणि तारखेपासून वाचायला सुरुवात केली.